शेवटच्या पानावरची परवानगी

१९ जून २०२२, विर्नोडा

आज बस गेली. वाळपईचा एक गृहस्थ ड्रायव्हर घेऊन आला, कागदांवर सह्या झाल्या, चहा झाला, आणि आमच्या अंगणातून ती मागे घेताना त्या ड्रायव्हरने दोनदा आंब्याला घासली. यशवंत व्हरांड्यात उभा राहून "डावीकडे तोड, डावीकडे" असं पुटपुटत होता. त्याला दिसत काही नव्हतं, आवाजावरून कळत होतं. बस रस्त्याला लागली, वळली, तरी तो उभाच. मला ऐकू येईनासं झाल्यावरही त्याला बराच वेळ ऐकू येत असावं.

काचबिंदू. डॉक्टर म्हणतात, आता उजेड आणि काळोख एवढाच फरक कळेल. हळर्ण ते म्हापसा हा रस्ता त्याने इतकी वर्षं चालवला, मी त्याच बसने शाळेत शिकवायला जायचे, आमचं लग्नही त्या बसमुळेच झालं. लेकीला, सिद्धीला, बंगळुरूला फोनवर सगळं बरं आहे असं सांगितलं. तिची परीक्षा आहे. कुणाला तरी खरं सांगायला हवं म्हणून आजपासून इथे लिहिते.

१० जुलै

यशवंत जनेलापाशी बसतो, खिडकी उघडी ठेवून. बाजारात येत नाही. म्हणतो, लोक माझ्याशी हळूहळू आणि मोठ्याने बोलतात, जसे काही माझे कानच गेलेत. मी सांगितलं, त्यांचं मन चांगलं असतं. तो म्हणाला, त्याचाच तर त्रास.

मी चिडले, मग रडले, मग दहावीचे पेपर तपासले.

१७ जुलै

आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू आहेत, नितीन आणि सोनम. नितीन चंदगडकडचा, तुयेंच्या कारखान्यात मशीनवर असतो. सोनम खानापूरची, बेळगावात बीएससी केलेली, लग्न होऊन या उन्हाळ्यात इथे आली. दिवसभर एकटीच. आज दह्याचं विरजण मागायला आली ती यशवंतासमोर जाऊन बसलीच. आवाज न चढवता, नेहमीसारखी बोलली. म्हणाली, "काका, एक खेळ आहे. पट नाही, पत्ते नाहीत, बघायचं काही नाही. नुसतं बोलायचं."

यशवंत म्हणाला, बोलण्याचा खेळ शिकवायला बेळगावहून कुणी यायची गरज नाही, तो आमच्या गावात सकाळपासून चालू असतो. पण हसून म्हणाला. किती दिवसांनी.

२४ जुलै

खेळलो. चौघंही. नितीनला सुट्टी होती.

खेळ असा. आपण सगळे वाटसरू. प्रत्येकाने ठरवायचं आपण कोण. एक जण सांगणारा, तो सांगतो की तुम्ही कुठे आहात आणि समोर काय आलंय. मग आपण काय करतो ते आपण सांगायचं. जोखमीचं काही करायचं असेल तर दोन फासे टाकायचे. दोन्ही सम आले तर काम होतं, एकच सम आला तर होतं पण काहीतरी गमावून, आणि दोन्ही विषम आले तर सांगणारा नवं संकट उभं करतो. जिंकणं-हरणं नाही. गोष्ट संपली की खेळ संपतो.

सोनम सांगणारी झाली. म्हणाली, तुम्ही एका अनोळखी मुलखातल्या घाटात आहात. यशवंतने लगेच अडवलं. "खंयचो घाट? नाव सांग गो."

तिला नाव सुचेना. तो म्हणाला, मग चोर्ला घाट धर, तुझ्या माहेरचाच रस्ता आहे. आणि लग्नाची वऱ्हाडं नेऊन पाठ झालेला तो घाट त्याने सांगायला सुरुवात केली. कुठल्या वळणावर दरडीतून पाणी येतं, कुठे धुकं बसतं, कुठे ब्रेक दाबायचा नाही. नितीन त्या घाटाने दर महिन्याला जातो, तो म्हणाला, मी हे काहीच बघितलेलं नाही. फाशांवरचे खड्डे यशवंत अंगठ्याने चाचपून वाचतो. आम्हाला विचारावंच लागलं नाही.

सोनमचे उपकार. उद्या तिला फणसाचे गरे द्यायचे आहेत.

७ ऑगस्ट

यशवंतला खेळाचं गांभीर्य नाही. ड्रायव्हर हो म्हटलं तर म्हणतो, आयुष्यभर कंडक्टरचा हेवा केला, आता तोच होतो. आणि मग काय, दरोडेखोर आले तर आधी त्यांची तिकिटं फाडतो. आज पडक्या देवळात भूत निघालं. खेळात मी वैद्यीण आहे, मी औषधाची मुळी शोधत होते. हा भुतासमोर जाऊन उभा. "भूत जालें म्हणून काय जालें, तिकीट काडूक जाय." नितीन खाली वाकून हसत होता. मलाही आवरेना, पोटात दुखेपर्यंत हसले आणि मुळी राहिली बाजूला.

नियमही त्याच्या लक्षात राहत नाहीत. दर वेळी विचारतो, एक सम आला की काय होतं गो? मी दर वेळी समजावते. वय झालं की काय कोण जाणे.

२० ऑगस्ट

नियम सोनमच्या फोनवर आहेत, इंग्रजीत. यशवंतला वाचून दाखवायला घेतले तर दुसऱ्या पानावर त्याला झोप लागली. म्हणून शाळेच्या मोकळ्या तासाला मराठीत उतरवतेय. तीसेक पानं आहेत. इतकी वर्षं मुलांना भाषांतर शिकवलं, पण स्वतः कुणासाठी पहिल्यांदाच करते आहे. शब्द सापडला की पेडण्याहून घरी येईपर्यंत रिक्षात तोच मनात घोळतो.

पहिल्याच वाक्याला अडले होते. "तुम्ही सगळे एका वाटेवर आहात आणि अंधार पडायला अजून वेळ आहे." मला अंधार हा शब्द नको होता. यशवंतला वाचून दाखवताना गाळला. त्याला ते कळलं कसं कोण जाणे, म्हणाला, पुढे काहीतरी होतं, ते ठेव. ठेवलं.

सांगणाऱ्याला सूत्रधार केलं आहे. खेळाचं नाव "वाटसरू".

२८ ऑगस्ट

शेवटच्या पानावर आले. तिथे खेळाचा भागच नाही, परवानगी आहे. हा खेळ कुणीही छापावा, वाटावा, आपल्या भाषेत न्यावा, बदलावा, विकला तरी चालेल. अटी दोनच. आधी ज्यांनी केलं त्यांची नावं ठेवायची. आणि तुम्ही जे कराल त्यालाही हीच परवानगी जोडायची, म्हणजे पुढच्याला कुणी अडवणार नाही.

मी हे तीनदा वाचलं. आमच्याकडे कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर "सर्व हक्क स्वाधीन" असतं, आणि त्या कवितासंग्रहाच्या प्रती कवीच्याच घरी पडून असतात.

तरी विचारल्याशिवाय बरं वाटेना. खेळ लिहिणाऱ्या बाई नॉर्वेच्या, नाव मार्गित. सोनमने पत्ता शोधला, मी मेल लिहिली. शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहावी इतकी अदबशीर झाली.

२ सप्टेंबर

चतुर्थीच्या गडबडीत मार्गितबाईंचं उत्तर आलं. गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या माटोळीखालीच बसून वाचलं. तुम्ही विचारलंत याने बरं वाटलं, पण कुणाला विचारावं लागू नये म्हणूनच मी तो परिच्छेद लिहिला होता, असं त्या म्हणतात. फाशांचा नियमही त्यांचा स्वतःचा नाही, दुसऱ्या एकाने असाच मोकळा सोडलेला होता, तो त्यांनी घेतला. यशवंतविषयी मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी विचारलंय, घाटातली ती वळणं मला इंग्रजीत मिळतील का?

यशवंतला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाईला सांग, तिच्याकडच्या घाटाची पाठव, मग देतो. पण संध्याकाळभर खुशीत होता.

१६ ऑक्टोबर

"वाटसरू" बाहेर पडला. सोनमने इंटरनेटवर ठेवला आणि नितीनने कारखान्यात चार जणांना दिला. पेडण्याच्या बाजारात झेरॉक्सवाल्याला मूळ प्रत देऊन ठेवली आहे, कुणीही मागितली तर काढून दे म्हणून. शेवटच्या पानावर मार्गितबाईंची परवानगी मराठीत घातली, खाली माझं नाव. सत्यवती पारसेकर. छापलेलं नाव बघायला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

२७ नोव्हेंबर

सांगलीहून एका मुलींच्या वसतिगृहातून मेल आली. सावंतवाडीहून आली. कुणीतरी गडहिंग्लजला एसटीच्या डेपोत खेळतंय. मी यांना ओळखत नाही, हे मला ओळखत नाहीत, आणि माझी वाक्यं त्यांच्या तोंडात आहेत. रोज देवापुढे दिवा लावताना या अनोळखी माणसांची आठवण होते.

८ जानेवारी २०२३

मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. यशवंत व्हरांड्यात बसून सांगतो, हे उतरतंय, हे चढतंय.

पण लिहायला बसले ते त्यासाठी नव्हे. नितीनने आज दाखवलं. आमचा खेळ कोंकणीत आला आहे. "वाटसुरो". करणारा डिचोलीचा कुणी देवेश, बँकेत कारकून आहे, कोंकणीत लिहितो. मूळ इंग्रजीवरून नाही, माझ्या मराठीवरून केलंय. पहिल्या पानावर मार्गितबाईंचं नाव, माझं नाव, मग त्याचं. परवानगीही जशीच्या तशी. बोट ठेवायला जागा नाही.

आणि तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझे बाबा डिचोलीत प्राथमिक शाळेत मास्तर होते. राजभाषेच्या आंदोलनात ते मराठीच्या बाजूने होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. ते सभेहून घरी यायचे ते घसा बसवून. कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. कोंकणी ही मराठीचीच बोली, तिला वेगळं केलं तर आमच्या पोथ्या, भजनं, नाटकं पोरकी होतील, असं ते म्हणत. आज त्यांचं वय चौऱ्याऐंशी आहे आणि अजूनही असंच म्हणतात. त्यांच्या मुलीने महिने घालवून मराठी केलं, आणि कुणीतरी ते उचलून कोंकणी करतो. बाबांना कळलं तर?

यशवंतने विचारलं, काय झालं? म्हटलं, डोकं दुखतंय.

१० जानेवारी

त्या देवेशला मेल लिहिली. नम्रपणे, पण धार ठेवून. माझ्या मराठीला पायरी म्हणून वापरलेलं मला आवडलं नाही, असं लिहिलं.

११ जानेवारी

त्याचं उत्तर लगेच आलं. "सत्यवती टीचर, तुमचं मन दुखावलं याचं वाईट वाटलं. परवानगीप्रमाणे मी चुकलो नाही असं मला वाटतं, पण तुमच्या कामामुळेच माझं काम झालं, म्हणून तुमच्या मर्जीविरुद्ध ते ठेवणार नाही." आणि खरंच, संध्याकाळी सोनमने शोधलं तर "वाटसुरो" तिथे नव्हता.

भांडायची पूर्ण तयारी केली होती. समोरचा भांडलाच नाही. हायसं वाटायला हवं, वाटलं नाही.

१५ जानेवारी

आज रविवार, खेळायचा दिवस. यशवंत म्हणाला, मी नाही खेळत. नितीनकडून त्याला सगळं कळलं होतं. सोनम आणि नितीन उठून आपल्या खोलीकडे गेले.

मी म्हटलं, तू तरी मला समजून घे. तो मग म्हणाला, "मग तुजो पण काड. तुका त्या बायन अडयल्यान काय?"

मी म्हटलं, ते वेगळं आहे. मी विचारलं होतं. तो म्हणाला, विचारलंस कारण तुझा तसा स्वभाव, तिने विचारायची अट घातलीच नव्हती. मी बाबांचं सांगितलं, राजभाषेचं, पायरीचं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "आमी हांगा बसून खेळतांव, ते खंयच्या भाशेन?"

नियम मराठीत वाचतो. पण वाटेवर वाघ आला की कुणी मराठीत ओरडत नाही. यशवंतचा कंडक्टर कोंकणीत तिकिटं फाडतो, माझी वैद्यीण कोंकणीत मुळी मागते. सोनमसुद्धा आता अर्धं आमच्यासारखं बोलते.

तरी राग गेला नव्हता, हे इथे लिहून ठेवते. पटलेलं आणि राग, दोन्ही एका वेळी असू शकतं.

२२ जानेवारी

शेवटचं पान पुन्हा वाचलं, माझ्याच मराठीत. "तुम्ही जे कराल त्यालाही हीच परवानगी जोडावी." मी जोडली होती, सही करावी तशी, हौसेने. घेताना मला ती देणगी वाटली होती. देण्याची वेळ आली तेव्हा चोरी वाटली.

देवेशला फोन केला. म्हटलं, कोंकणी कुणासाठी केलं होतंस? मला वाटलं होतं, कुठल्या तरी साहित्य संमेलनासाठी असेल. तो म्हणाला, आईसाठी. आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. वॉर्डात आठ-नऊ जणं एकमेकांकडे बघत पडून असतात. तो तिथे आईला वाचून दाखवायचा, मग शेजारचे ऐकायला लागले, मग सगळे खेळायला लागले. सगळ्यांना मराठी समजत नाही, काही जणांचं वाचणंच रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या लिपीत. म्हणून कोंकणी.

मी विचारलं, आता काय खेळतात? तो म्हणाला, आता नाही खेळत. तुम्ही नको म्हणालात ना.

मी त्याला म्हटलं, येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतो.

४ फेब्रुवारी

आज जाऊन आलो. हातून काही सुटू नये म्हणून आल्या आल्या लिहायला बसले आहे.

यशवंत बस गेल्यापासून पहिल्यांदा विर्नोड्याबाहेर पडला. नितीनने मित्राची गाडी आणली. धारगळला यशवंत म्हणाला, इथला चढ गेला कुठे? मोपाच्या रस्त्यासाठी कापला, असं नितीनने सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, तो चढ गिअर खायचा.

इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर लांब खोली, भिंतीला मशीनं, प्रत्येकाजवळ एक खुर्चीवजा पलंग. देवेश चाळिशीचा, किरकोळ, केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून घाबरला असावा. त्याची आई सुशीलाबाय, माझ्या बाबांसारखीच ठणठणीत बोलणारी. पलीकडे सखाराम, आधी खाणीवर ट्रक चालवायचे. जनेलाजवळ कोन्सेसांव आंटी, साळगावच्या.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सॉरी म्हणायचं ठरवून गेले होते. पण तेवढ्यात सुशीलाबायने मुलाला विचारलं, ही टीचर आली, म्हणजे आज खेळायचं ना? आणि त्याच्या हो-नाहीची वाट न बघता सुरू केलं, कागद नसताना, तोंडपाठ.

"तुमी सगळीं एके वाटेर आसात आनी काळोख पडूंक आजून वेळ आसा."

मी देवेशच्या खुर्चीवर बसले. माझं वाक्य होतं. माझं कुठलं, मार्गितबाईंचं. रिक्षात आठ दिवस घोळवलेलं, नवऱ्यासमोर अर्धं गाळलेलं. ते एका म्हातारीच्या तोंडून असं आलं की जणू तिच्या आजीने तिला सांगितलं असावं. हातात सुई, नळीतून तिचंच रक्त मशीनमध्ये जाऊन परत येतंय, आणि ती सगळ्यांना वाटेवर घेऊन निघाली होती.

देवेशने एक नियम बदललेला आहे, तो मला आज कळला. इथे प्रत्येकाचा एक हात सुईमुळे हलवता येत नाही, मधल्या स्टुलावर फासे टाकायला बऱ्याचदा शेजाऱ्याचाच मोकळा हात पोचतो. म्हणून आपले फासे आपण टाकायचे नाहीत, शेजाऱ्याने टाकायचे. पण टाकण्याआधी शेजाऱ्याने विचारायचं, कशासाठी? आणि त्याला खरं कारण सांगायचं.

कोन्सेसांव आंटींची पाळी आली. समोर नदी होती, फेरीबोट सुटायला आली होती, धावत सुटायचं होतं. त्यांनी सखारामना फासे टाकायला सांगितलं. सखारामनी विचारलं, "कित्याक?"

"म्हज्या पुताक मेळूंक."

आपल्या मुलाला भेटायला. नर्सबाई मशीनपाशी थांबली. सखारामनी फासे मुठीत बराच वेळ घोळवले, मग टाकले. एक सम, एक विषम. सुशीलाबाय म्हणाली, फेरीबोट मिळाली, पण हातातली पिशवी काठावर राहिली. आंटी म्हणाल्या, राहू दे.

यशवंतही खेळला. मला धाकधूक होती की तो तिकिटांचा तमाशा सुरू करील. पण इथे वेगळाच माणूस होता. सगळे नियम पाठ, एकदाही कुणाला विचारलं नाही, उलट सखाराम चुकले तेव्हा यानेच हळूच सुधारलं. घरी एवढं साधं लक्षात राहत नाही, आणि परक्यांत बसला की बघा. परतताना मी तसं म्हटलं. नितीन गाडी चालवता चालवता हसला. यशवंत म्हणाला, घरी तू आहेस ना सांगायला.

निघताना देवेशला म्हटलं, आजच्या आज "वाटसुरो" परत ठेव. आणि तुझा शेजाऱ्याचा नियम मी मराठीत घेणार आहे. तो म्हणाला, घ्या की टीचर, विचारता कशाला. मग आम्ही दोघंही हसलो.

१९ फेब्रुवारी

मराठीची नवी प्रत केली. शेजाऱ्याचा नियम घातला, खाली देवेशचं नाव. मार्गितबाईंना तो नियम इंग्रजीत कळवला, त्यांनी लिहिलं की पुढच्या आवृत्तीत त्याही घेतील, डिचोलीचं नाव घालून. चोर्ल्याची वळणंही पाठवली, यशवंतने सांगितली तशी. नॉर्वेतल्या घाटाची वळणं आली आहेत. सोनम आज सांगणारी होती, तिने आम्हाला बर्फात नेलं. यशवंतच्या कंडक्टरने अस्वलाला मागच्या दाराने चढवलं. हसून हसून मला ठसका लागला, आणि तो पुन्हा विचारतो, एक सम आला की काय होतं गो?

१२ मार्च, डिचोली

बाबांपासून किती दिवस लपवणार? आज दोन्ही प्रती घेऊन भावाकडे गेले, बाबांपुढे ठेवल्या आणि सांगून टाकलं. हा मी केलेला, हा त्यावरून डायलिसिसच्या वॉर्डासाठी कोंकणीत केलेला, मी आधी नको म्हटलं होतं, मग हो म्हटलं.

बाबांनी मराठी बाजूला ठेवलं. म्हणाले, तुझं मी नंतर बघीन, तुझं शुद्धलेखन मला माहीत आहे. कोंकणीची प्रत घेतली आणि खिशातलं लाल पेन काढलं. मी स्वयंपाकघरात वहिनीला मदत करायला गेले.

जेवायची वेळ झाली तरी ते वाचतच होते. प्रत लालेलाल झाली होती. कुठे ऱ्हस्व-दीर्घ, कुठे अनुस्वार, कुठे "हा शब्द बारदेशातला, डिचोलीत असं म्हणत नाहीत." मला वाटलं, आता आंदोलनावर येतील. ते म्हणाले, "पोराक सांग, छापतलो जाल्यार शुद्ध छापूंक जाय. आजारी माणसां वाचतात."

एका शब्दापाशी मात्र अडले. देवेशने सूत्रधाराला "सांगपी" केलं आहे. बाबा म्हणाले, आपल्याकडे "सांगणारो". मग स्वतःच म्हणाले, पण माझी आई "सांगपी" म्हणायची की काय?

"हें शांतारामाक खबर आसतलें," असं म्हणाले.

शांताराम मास्तर त्यांच्याच शाळेत शिकवायचे, दोघं एकाच सायकलवरून जायचे. आंदोलनात ते कोंकणीच्या बाजूला गेले आणि बोलणं तुटलं. एकाच गावात राहून इतकी वर्षं एक सकाळी देवळात जातो, दुसरा संध्याकाळी. त्यांचं नाव या घरात मी मोठी झाल्यापासून ऐकलेलं नव्हतं. भावाने माझ्याकडे बघितलं. बाबा म्हणाले, नंबर मिळव.

शांताराम मास्तरांच्या सुनेकडून नंबर मिळाला. मी फोन लावून बाबांच्या हातात दिला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "गोकुळदास उलयतां," एवढं आपलं नाव सांगून थेट विचारलं, सांगपी की सांगणारो?

पलीकडून मग बारीक, थकलेला आवाज सुरू झाला, आणि बाबांनी लगेच त्याला अडवलं, आणि तो थांबेना. आईच्या, मावशीच्या, कुठल्या कुठल्या गावांच्या बायकांच्या साक्षी निघाल्या. दोघंही एकमेकांना वेड्यात काढत होते. वहिनीने ताटं झाकून ठेवली. भाऊ दारात उभा होता, आत येत नव्हता आणि जातही नव्हता.

शेवटी बाबांनी फोनवर हात ठेवला आणि मला हाक मारली. चेहरा रागावलेलाच होता.

"सत्या," ते म्हणाले, "फासे बरोबर हाडल्यात मगो तुवें? शांताराम विचारता, हो खेळ खेळतात कसो."